पाथरवटांची शाळा: नांदेड-लातूरच्या शिल्पशिक्षणाचा मागोवा

नांदेड जिल्ह्यातले कंधार हे एके काळी राष्ट्रकूटांचे मोठे नगर होते. तिसरा कृष्ण (राज्यकाळ इ.स. ९३९ ते ९६७) स्वतःला 'कंधारपुरवराधीश्वर' म्हणवून घेई. त्याच्या घराण्याचे आणखी जुने बिरुद 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लातूरशी नाते सांगणारे. या कंधारात क्षेत्रपालाच्या एका अजस्र मूर्तीचे भग्न अवयव सापडले. मूर्ती उभी असताना ती आसपासच्या कुठल्याही घराच्या कितीतरी वर गेली असणार, हे त्या तुकड्यांकडे नुसते पाहिले तरी कळते. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण राजाच्या वैभवावर थांबतात. मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न दुसरा आहे. एवढी मूर्ती एका माणसाच्या हातून होत नाही. खाणीतून शिळा काढणारे, ती आणणारे, घडीव करणारे, अवयव कोरणारे आणि शेवटचा हात फिरवणारे अशी मोठी फौज तिथे होती. त्यांच्यातला प्रत्येक जण कधी तरी नवशिका होता. त्यांना कोणी आणि कसे शिकवले? मराठवाड्याच्या शिल्पांवर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे, पण या भूमीत शिल्प शिकवले कसे जात होते, याचा इतिहास आपण वेगळा काढून पाहिलेला नाही. तो पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. गोदावरीच्या या पट्ट्यात शिल्पशिक्षणाची पक्की, क्रमवार पद्धत होती. ती मोडली कशी आणि का, याची कारणे सांगता येतात. नांदेडजवळच्या विष्णुपुरीसारख्या ठिकाणी ती नव्या रूपात मांडणे शक्य आहे, हेही दाखवता येते.

पद्धतीचा पहिला पुरावा म्हणजे माप. भारतीय मूर्तिकलेत मोजणी तालावर चालते. एक ताल म्हणजे बारा अंगुळे, आणि चेहऱ्याची लांबी एक ताल. नवताल मूर्ती एकशे आठ अंगुळांची. तिचा हिशोब असा: चेहरा १२, गळा ४, गळ्यापासून छातीपर्यंत १२, तिथून नाभीपर्यंत १२, नाभीपासून जननेंद्रियापर्यंत १२, मांड्या २४, गुडघे ४, पोटऱ्या २४, पाऊल ४. बेरीज १०८. यातले अंगूळ हे कुणाच्या बोटाचे ठरलेले माप नव्हे. मूर्ती जेवढी करायची तेवढ्या उंचीचे एकशे आठ भाग केले की एक भाग म्हणजे त्या मूर्तीचे अंगूळ. त्यामुळे वीतभर मूर्तीला जो हिशोब, तोच वाड्याएवढ्या मूर्तीला. गुडघा तयार झाला की त्याच्या सत्तावीसपट मूर्ती असणार, हे कारागिराला ठाऊक. दूर खाणीजवळ बसून हात कोरणाऱ्याला देवळाजवळ बसून पाय कोरणाऱ्याचे काम न पाहताही आपला तुकडा जुळेल याची खात्री. भग्न अवयवांवरून अभ्यासक मूळ मूर्तीच्या उंचीचा अंदाज बांधू शकतात, त्यालाही आधार या हिशोबाचाच. देवतेप्रमाणे ताल बदलतो, वामनरूपाला वेगळा आणि उग्र देवतेला वेगळा, हे खरे. पण कुठल्याही तालात माप शिष्याच्या हाती पहिल्या दिवशी देता येते आणि त्याची चूक दोरी लावून दाखवता येते. गुरूच्या आवडीनिवडीवर न अवलंबणारी ही कसोटी. शिकवण्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. आजच्या कलावर्गात 'जमलं नाही' असे सांगणारे पुष्कळ भेटतात, कुठे जमले नाही हे बोट ठेवून सांगणारे थोडे.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. ही मापे संस्कृत ग्रंथांत आहेत. छन्नी धरणारा माणूस संस्कृत वाचत होता का? बहुधा नव्हता. पण ग्रंथ आणि कारखाना यांचे नाते आपण उलटे समजतो. वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली, आणि त्याआधीच्या मूर्तीही मापात आहेत. ग्रंथाने कारखान्यातली रीत टिपून ठेवली, असे मानणे अधिक सयुक्तिक. या दृष्टीने आपल्या भागाला सर्वांत जवळचा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. तो रचला कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने, इ.स. ११२९च्या सुमारास. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, निलंगा तालुक्याच्या शेजारचे. होट्टल आणि निलंगा इथली देवळे याच राजसत्तेच्या छायेत आणि परंपरेत वाढली. मानसोल्लासात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत पायरीपायरीने दिली आहे. मेण किती, धातू किती, याचे प्रमाणही आहे. ओतकाम करणाऱ्याकडून ऐकल्याशिवाय किंवा समोर बसून पाहिल्याशिवाय असे लिहिता येत नाही. त्याच ग्रंथात चित्रकलेवरचे सविस्तर प्रकरण आहे. राजाने जेवण, खेळ, हत्ती, घोडे यांच्या ओळीत चित्र आणि मूर्तिकामही बसवले, म्हणजे हे ज्ञान सुसंस्कृत माणसाला असावे असे त्याला वाटत होते. विष्णुधर्मोत्तर पुराणातला प्रसंग त्याहून जुना. वज्र राजा मार्कंडेयाकडे मूर्तीचे शास्त्र शिकायला येतो. ऋषी सांगतात, आधी चित्र यायला हवे, चित्रासाठी नृत्य यायला हवे, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. हा अभ्यासक्रमच आहे, आणि त्यात शिल्प सर्वांत शेवटी येते. मूर्ती ही थांबलेली हालचाल आहे, म्हणून हालचाल आधी शिकायची, हे त्यामागचे तर्कशास्त्र.

दुसरा पुरावा अपुऱ्या कामात मिळतो. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अर्धवट राहिले, आणि अर्धवट राहिले म्हणून ते आपल्याला शिकवते. कारागिरांनी कातळात आधी अरुंद लांब बोळ खोदले, मग मधल्या भिंती फोडल्या, खांबांसाठी ओबडधोबड ठोकळे राखले आणि बारीक काम पुढच्यासाठी ठेवले. एकाच ठिकाणी कामाच्या चार-पाच पायऱ्या शेजारी शेजारी दिसतात. ज्याला पहिली पायरी येते त्याला शेवटची यायलाच हवी असे नाही, आणि शेवटची येणारा पहिलीतून गेलेला असणारच. मला यात शिकाऊ हातापासून कसबी हातापर्यंतची शिडी दिसते. नवख्याने बोळ खोदायचा, तिथे छन्नी चुकली तरी मूर्ती बिघडत नाही. वर्षे गेली की ठोकळा, मग वेलबुट्टी, मग वस्त्राच्या चुण्या, आणि चेहरा सर्वांत शेवटी. औशाजवळच्या खरोशाची लेणी या बाबतीत आणखी बोलकी आहेत, कारण तिथला खडक जांभा. जांभा भुसभुशीत, छिद्रांचा. त्यात केसांची बट किंवा पापणीची कड धरत नाही. म्हणून तिथल्या शिल्पकाराने मोठ्या आकारांवर, अंगाच्या वळणावर आणि सावलीवर भिस्त ठेवली. उलट नांदेडच्या पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटसारखा कठीण खडक उघडा पडतो आणि पश्चिमेला काळा पाषाण. शंभर-दीडशे किलोमीटरच्या टापूत तीन जातींचे दगड, आणि प्रत्येकाची मागणी वेगळी. दगडाप्रमाणे हात बदलावा लागतो, हे या टापूतला कारागीर जगता जगता शिकत होता.

तिसरा पुरावा भिंतींवर आहे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलचे सिद्धेश्वर मंदिर किंवा निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर बाहेरून फिरून पाहिले की सुरसुंदरींची ओळ लागते. नीलकंठेश्वर त्रिकूट आहे, तीन गाभाऱ्यांचे: शिव, विष्णू आणि हरगौरी. बाहेरच्या भिंतीला एवढे कोन दिले आहेत की ऊन सरकते तसा प्रत्येक मूर्तीवरचा प्रकाश बदलत राहतो. मराठवाड्यातल्या अशा देवळांवर सुरसुंदरींचे ठरावीक प्रकार पुन्हा पुन्हा येतात: आरशात पाहणारी, पायातला काटा काढणारी, पोपटाशी बोलणारी, मूल कडेवर घेतलेली, वस्त्र ओढणाऱ्या माकडाला हुसकावणारी, पत्र लिहिणारी. डॉ. गो. बं. देगलूरकरांनी या सुरसुंदरींचा अर्थ उलगडून दाखवण्यात मोठे काम केले. मी त्यांच्याकडे अर्थासाठी नव्हे, पुनरावृत्तीसाठी बोट दाखवतो. काटा काढणारीचा एक पाय उचललेला, म्हणून सगळा भार दुसऱ्या पायावर. भार एकीकडे गेला की त्या बाजूची कंबर वर चढते, त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो, आणि मान तोल सावरायला झुकते. एक पाय उचलताच सबंध अंगात होणारे हे बदल शिष्याला एका आकृतीतून कळतात. माकड हुसकावणारीत त्यालाच भीतीचा झटका जोडायचा. पत्र लिहिणारी पाठमोरी, म्हणजे कण्याची रेघ आणि खांद्याची पाती कोरता आली पाहिजेत. हे प्रकार एका ओळीत मांडले तर ते सोप्याकडून अवघडाकडे जाणारे धडे होतात. हुमनाबादजवळच्या जलसंगीच्या देवळावर अशी एक पाठमोरी स्त्री भिंतीवर चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याची प्रशस्ती लिहिताना दाखवली आहे, आणि तिने लिहिलेली अक्षरे खरोखर वाचता येतात. तिथे लेख रचणारा, तो दगडावर उतरवणारा आणि मूर्ती कोरणारा यांना एका जागी काम करावे लागले.

आता मोठा आक्षेप. ठरावीक माप, ठरावीक प्रकार, पुनरावृत्ती, यात कलावंत कुठे? आधुनिक कलाशिक्षणाचा सगळा रोख व्यक्तीवर आहे. विद्यार्थ्याने स्वतःचे काही सांगावे, म्हणून त्याला मोकळे सोडावे असे आपण मानतो. घोकंपट्टीतून शिल्पकार होत नाही हा मुद्दा खराच आहे. पण मापात काम करणाऱ्या माणसांना स्वतःची ओळख नव्हती, हे मात्र पुराव्याला धरून नाही. पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिरावर आठव्या शतकातल्या स्थपतीचे, अनिवारिताचारी गुंडाचे नाव कोरलेले आहे, त्याला मिळालेल्या सन्मानांसकट. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरावर (इ.स. १११७) बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांनी आपापल्या मूर्तींवर नावे घातली आहेत. बळ्ळिगावे हे चालुक्यांच्या राज्यातले विद्या आणि कलेचे मोठे केंद्र. बाप आणि मुलगा एकाच देवळावर, एकाच मापात काम करतात, आणि तरीही दोघांचे हात ओळखू येतात. होट्टल-निलंग्याच्या बाजूला अशी सह्या केलेली शिल्पे हाती लागत नाहीत हे मान्य. नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचा जो संग्रह रित्ती आणि शेळके यांनी १९६८ साली प्रसिद्ध केला, त्यात राजे, सामंत, दान देणारे, दान घेणारे यांची नावे भरपूर, घडवणाऱ्याचे क्वचित. पण नाव कोरण्याची चाल एका प्रांतात रुळली आणि दुसऱ्यात रुळली नाही, यावरून दुसऱ्या प्रांतात व्यक्ती नव्हत्या असे म्हणता येत नाही. एकाच प्रकारच्या दोन सुरसुंदरी शेजारी ठेवून पाहाव्यात. एकीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे, दुसरीच्या नाही. एकीच्या मेखलेचे मणी एकसारखे, दुसरीच्या मेखलेत शिल्पकाराने वजनाने लोंबणारी साखळी दाखवली आहे. माप सगळ्यांचे एक होते, म्हणूनच हे फरक उठून दिसतात. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. राग एकच असतो, आणि गायक तेवढ्यावरून ओळखला जातो.

चौदाव्या शतकानंतर मोठी देवळे उभी राहणे थांबले आणि ही शाळा पोरकी झाली. हात मात्र एकदम नाहीसे झाले नाहीत. ते किल्ल्यांच्या तटांकडे गेले, बारवांकडे आणि घाटांकडे गेले, वीरगळांकडे, समाध्यांकडे, दीपमाळांकडे वळले. कंधार, औसा, उदगीर इथल्या किल्ल्यांचा घडीव दगड पाहिला तर सांधा धरण्याचे कसब शाबूत होते हे दिसते. आटला तो मानवी आकृतीचा अभ्यास. शेवटी पाथरवटाकडे उरले जाते, पाटा, वरवंटा, उखळ आणि देव्हाऱ्यातले लहान देव. गावोगाव फिरून जात्याला टाकी लावून देणारा हा माणूस आपण कारागीर म्हणूनही नीट मोजला नाही. पण जात्याची तळी टाकताना तो जे करतो ते शिल्पाचेच प्राथमिक पाठ आहेत. छन्नी किती तिरकी धरायची, कुठल्या कोनात कपची उडते आणि कुठल्या कोनात दगड नुसता चुरतो, घाव दिल्यावर येणाऱ्या आवाजावरून आत भेग आहे की नाही हे कसे ओळखायचे, हे त्याला कळते. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या, मिक्सर आले, आणि हे पाठही बंद पडत गेले. त्यात ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हजारो लोक गेले. दोष दगडाचा नव्हता. ओबडधोबड दगड मातीत बसवून, दोन पदरांना सांधणारे लांब दगड न घालता रचलेल्या भिंतींचा होता. पण लोकांच्या मनात दगडाची धास्ती बसली ती बसलीच. पुनर्वसनाची घरे सिमेंटच्या ठोकळ्यांची झाली. लातूरच्या त्या टापूत दगडकामाची उरलीसुरली प्रतिष्ठा त्यानंतर संपली, असे मला वाटते, आणि कलाशिक्षणाच्या इतिहासात या घटनेची नोंद व्हायला हवी.

दरम्यान महाराष्ट्रात नवे शिल्पशिक्षण सुरू झाले होते, पण ते दुसऱ्या टोकाला. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली. १८६५ साली लॉकवुड किपलिंग तिथे वास्तुशिल्पाचे शिक्षक म्हणून आले. सुरुवातीच्या या काळात कलाशाळेचे शिक्षण कामावरच चाले. क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पे, पुढे बोरीबंदरच्या स्थानकावरचे कोरीवकाम यांत शाळेचा हात होता. विद्यार्थी इमारतीवर शिकला, हे जुन्या शाळेच्या फार जवळचे. १८९६ साली गणपतराव म्हात्रे यांनी विशीच्या उंबरठ्यावर 'मंदिरपथगामिनी' घडवली आणि नव्या पद्धतीचे सामर्थ्य सगळ्या देशाला दिसले. नऊवारीतली ती तरुणी ग्रीक पुतळ्यांच्या अभ्यासातून आली आहे, आणि तरी ती पूर्ण मराठी आहे. पुढे बाळाजी तालीम, विनायकराव करमरकर, धारला स्थायिक झालेले र. कृ. फडके अशी पिढी उभी राहिली. हे सगळे मुंबई इलाख्यात आणि कलेला आश्रय देणाऱ्या संस्थानांत. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम सरकारने कलेकडे दुर्लक्ष केले असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. १९१४ साली हैदराबादचे पुरातत्त्व खाते सुरू झाले, गुलाम याझदानींनी आयुष्य त्यात घातले, अजिंठ्याची चित्रे सावरण्यासाठी १९२०च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणवले. पण जतन झाले ते जुन्या कामाचे. नवे काम करणारे हात तयार करणारी सरकारी कलाशाळा हैदराबादला निघाली १९४० साली, आणि तीही राजधानीत. नांदेडच्या किंवा उदगीरच्या मुलासाठी ती मुंबईइतकीच दूर. ज्या प्रांतात वेरूळ आहे, त्या प्रांतात वेरूळ पाहणारे परदेशी तज्ज्ञ येत राहिले आणि छन्नी धरायला शिकवणारा वर्ग निघाला नाही.

१९४८ला मुक्ती मिळाली, १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि मुंबईची कलाशिक्षणाची चौकट इथे पोहोचली. ती पोहोचली मुख्यतः शाळेतल्या चित्रकला शिक्षकाच्या आणि शासकीय रेखाकला परीक्षांच्या वाटेने. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी खेड्यापाड्यांतल्या पिढ्यांना पेन्सिल धरायला शिकवले, हे ऋण मोठे आहे. पण त्या परीक्षांत काय आहे ते पाहा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. सगळे कागदावर. मुलाने मातीचा गोळा हातात घेऊन एखाद्या वस्तूची मागची बाजू कधी केलीच नाही. शिल्पकार होण्याची इच्छा ज्या वयात रुजते, त्या वयात त्याला कला म्हणजे सपाट कागद असे कळले. आता कोणी म्हणेल, माती, साचे, प्लॅस्टर यांचा पसारा शाळेला परवडतो कुठे? गोदाकाठच्या गावांना माती विकत आणावी लागत नाही. पोळ्याला बैल आणि गणेशचतुर्थीला गणपती घरच्या मातीचे करण्याची चाल या भागात आहे. शाळेने ती अभ्यासात घेतली असती तर खर्च शून्य होता. अडचण पैशाची नव्हती. परीक्षेला मोजता येते तेवढेच शिकवायचे, ही सवय आड आली.

सर्वांत गंभीर आक्षेप जातीचा आहे, आणि त्याला वळसा घालून पुढे जाता येणार नाही. ज्या शाळेचे मी इथे कौतुक करतो आहे ती बापाकडून मुलाला मिळणारी, बंद दाराची शाळा होती. शेतमजुराच्या मुलाला तिच्यात प्रवेश नव्हता. स्त्रियांना नव्हता, आणि भिंती मात्र स्त्रीमूर्तींनी भरलेल्या. दगड फोडणाऱ्या वडाराला आणि मूर्ती घडवणाऱ्या आचाऱ्याला समाजाने वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसवले, ज्याने शिळा काढली त्याला तीच मूर्ती देव झाल्यावर गाभाऱ्यात जाऊन पाहता आली नसेल. या इतिहासाला सोनेरी मुलामा देण्याची माझी अजिबात इच्छा नाही. पण पद्धत आणि तिच्यावरचे कुलूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताल मोजायला जात लागत नाही. सोप्या आकृतीवरून अवघड आकृतीकडे जाणे, दगडाचा आवाज ऐकणे, नवख्याला नुकसान होणार नाही असे काम आधी देणे, हे कुणालाही शिकवता येते. उलट पद्धत लिहून, उघडी करून, वर्गात ठेवली की घराण्याची मक्तेदारी आपोआप मोडते. आधुनिक महाविद्यालयाची खरी देणगी हीच आहे: प्रवेश अर्ज कुणीही भरू शकतो. आजच्या वडार किंवा पाथरवट कुटुंबातल्या मुलीने शिल्पकलेची पदवी घेतली, तर तिच्या घरातले ज्ञान आणि वर्गातले ज्ञान यांची गाठ पडेल. वर्ग मात्र असा हवा, की तिच्या वडिलांना तिथे शिकवायला बोलावता येईल आणि त्यांना मानधन देताना पदवीचा कागद आड येणार नाही.

मग पोटाचे काय, हा व्यवहाराचा प्रश्न. दगडाच्या मूर्तींना गिऱ्हाईक नाही असे सांगितले जाते. पण पुतळ्यांची मागणी मराठवाड्यात कमी नाही. तालुक्याच्या गावी चौकाचौकात छत्रपती शिवाजी महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, अहिल्यादेवी, महात्मा बसवेश्वर, अण्णाभाऊ साठे उभे आहेत, आणि लोकवर्गणीतून आणखी उभे राहतील. त्या पुतळ्यांची गुणवत्ता हा केवळ सौंदर्याचा विषय नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला पस्तीस फुटी शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला, हे त्यानंतर पुढे आले. नमुना सहा फुटांचा आणि पुतळा पस्तीस फुटांचा, या दोहोंच्या मध्ये जे ज्ञान लागते तेच कंधारच्या कारागिरांकडे होते. आकृती मोठी करताना उंची सहापट झाली तर वजन त्याच्या कितीतरी पट वाढते, घोट्यापाशी येणारा भार बदलतो, वारा जास्त धरला जातो, खालून पाहणाऱ्याला डोके लहान दिसते म्हणून वरचे माप सुधारावे लागते. यातल्या अर्ध्या गोष्टी शिल्पकाराच्या आणि अर्ध्या अभियंत्याच्या. आज त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नाही.

म्हणूनच विष्णुपुरीचा विचार करावासा वाटतो. नांदेडला लागून असलेल्या या गावी १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि त्यात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथेच आहे. गोदावरीवर बंधारा आहे, काठावर काळेश्वराचे जुने शिवालय आहे. शिल्प शिकणाऱ्याला जे लागते ते असे एका गावात आलेले महाराष्ट्रात फार ठिकाणी सापडणार नाही. हाडे आणि स्नायू शिकायला वैद्यकीय महाविद्यालयाचा शरीररचना विभाग, भार आणि ओतीव धातू समजून घ्यायला अभियांत्रिकीची प्रयोगशाळा, अंगाची हालचाल पाहायला नाट्य आणि संगीताचे वर्ग. मार्कंडेयाने वज्राला सांगितलेली साखळी इथे हातभर अंतरावर आहे. तिथल्या अभ्यासक्रमाचा चार वर्षांचा क्रम असा आखता येईल. पहिल्या वर्षी मातीत तालाचे माप आणि काळ्या पाषाणात जात्याची तळी टाकणे. त्यासाठी पाथरवट शिक्षक म्हणून. दुसऱ्या वर्षी खरोसा, होट्टल, निलंगा इथे जाऊन नुसती रेखाचित्रे काढण्याऐवजी सुरसुंदरींची मापे घेणे आणि तीच आकृती आधी मातीत, मग जांभ्यात, मग काळ्या दगडात करून पाहणे. तीन दगडांत एकच आकृती केल्याशिवाय कुठली रेघ दगडाची आणि कुठली आपली हे विद्यार्थ्याला उमगत नाही. तिसऱ्या वर्षी साचा, मेण आणि ओतकाम, मानसोल्लासातली पायरी हाताशी धरून आणि आजची भट्टी वापरून. चौथ्या वर्षी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर जोडीने एकच काम: हातभर नमुन्यावरून दहा फुटांचा पुतळा, आतल्या सांगाड्याच्या हिशोबासह. स्वतःचे म्हणणे मांडण्याची मोकळीक पहिल्या दिवसापासून असावी, पण गुण द्यायचे ते दोरी लावून तपासता येईल अशा कामाला. विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चारही जिल्ह्यांत अशी जुनी देवळे आहेत, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या मापांची नोंद विद्यापीठाने जपून ठेवली तर काही वर्षांत या प्रदेशातल्या शिल्पांची मोजणी विद्यार्थ्यांच्याच हातून पूर्ण होईल. होट्टल आणि निलंग्याच्या कारागिरांनी कोणत्या कामाला कोणता ताल वापरला, एका देवळावर किती वेगवेगळे हात होते, याची उत्तरे मग अंदाजाने द्यावी लागणार नाहीत.